साहचर्यमापे व प्रभावमापे

साहचर्यमापे व प्रभावमापे : (रोगपरिस्थितिविज्ञान). एखाद्या घटकाशी आलेला संपर्क आणि एखादा रोग यांच्यातील संबंध किती बळकट आहे हे दर्शविणाऱ्या संख्यांना साहचर्यमापे म्हणतात. त्या संपर्कामुळे समाजावर किती रोगभार पडतो व संपर्क टळल्यास त्यातील किती भाग टळू शकेल, हे सांगणाऱ्या संख्यांना प्रभावमापे म्हणतात. ‘संपर्क’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचा असतो. तंबाखूचे सेवन, कारखान्यातील धूळ व रासायनिक वाफा, किरणोत्सर्ग, दूषित पाणी यांच्याप्रमाणेच अकाली जन्म, लस टोचणे किंवा रोगाची पूर्वतपासणी करून घेणे यांनाही या शास्त्रात संपर्कच मानतात. पहिल्या प्रकारची मापे बहुधा भागाकाराने मिळतात आणि ‘किती पट’ या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसऱ्या प्रकारच्या मापांचा पाया वजाबाकी हा असून ती ‘किती जणांना’ या प्रश्नाचे उत्तर देतात. दोन्ही उत्तरे एकाच आधारसामग्रीतून निघत असली, तरी एकाच्या जागी दुसरे ठेवता येत नाही. आरोग्यविषयक सार्वजनिक वादांत पुष्कळसा गोंधळ या अदलाबदलीतून झालेला आढळतो.

महाराष्ट्रात अशा वादाची भूमी म्हणून पालघर जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या किनाऱ्यावर तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले व २००५-०६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगॅवॉट क्षमतेच्या दोन विक्रियकांची भर पडली. शेजारी बोईसर येथे तारापूर औद्योगिक वसाहत पसरलेली असून तीत रसायने, औषधिद्रव्ये, रंग, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये काढलेल्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण, म्हणजे देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक गुण, मिळाले. त्यापूर्वीच २०१६ मध्ये किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने सांडपाण्याविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली होती. पूर्वेकडील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके बालकुपोषणाबद्दल अनेक वर्षे चर्चेत आहेत. ‘येथे रोग वाढले आहेत काय, कशामुळे व किती’ हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ अभ्यासकांचा राहत नाही. तथापि प्रदूषणाचा निर्देशांक हे साहचर्याचे माप नव्हे. हवेत, पाण्यात व जमिनीत काय आहे हे तो प्रामुख्याने सांगतो. त्यापायी किती माणसे आजारी पडली हे सांगण्यासाठी निराळी मोजणी करावी लागते.

छेद व दर : या मोजणीचा आरंभ अपूर्णांकाच्या छेदापासून होतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत दम्याचे अमुक रुग्ण आढळले, ही माहिती अंशापुरतीच आहे. ते रुग्ण किती लोकसंख्येतून आले, त्यांपैकी किती जण कारखान्यांच्या परिसरात राहणारे होते आणि तितक्याच काळात त्या परिसराबाहेरील किती लोकांतून किती रुग्ण निघाले, हे कळल्याखेरीज तुलना करता येत नाही. वर उल्लेखिलेल्या निर्देशांकातही आरोग्यावरील परिणामासाठी थोडे गुण राखून ठेवलेले असून ते परिसरातील रुग्णालयांच्या नोंदींतील रुग्णवाढीवरून दिले जातात. परंतु वाहतुकीची सोय वाढली, नवे रुग्णालय उघडले किंवा वसाहतीतील कामगारांची संख्या वाढली, तरीही नोंदी वाढतात. छेद न पाहता काढलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंनी फसवा ठरू शकतो : खरी वाढ झाकली जाते किंवा नसलेली वाढ दिसू लागते.

ठराविक काळात निरोगी व्यक्तींपैकी जितक्यांना नव्याने रोग होतो त्या प्रमाणाला जोखीम म्हणतात. निरनिराळ्या व्यक्ती निरनिराळ्या काळापर्यंत निरीक्षणाखाली असतील, तर व्यक्तींऐवजी व्यक्तिवर्षे छेदात घेऊन दर काढतात. दहा माणसांचे एकेक वर्ष व एका माणसाची दहा वर्षे यांचा हिशेब येथे सारखाच होतो.

सापेक्ष जोखीम : संपर्क झालेल्या गटातील जोखमीला संपर्क न झालेल्या गटातील जोखमीने भागले असता सापेक्ष जोखीम मिळते. ती १ असल्यास साहचर्य नाही, १ पेक्षा अधिक असल्यास संपर्क व रोग सोबत वाढतात आणि १ पेक्षा कमी असल्यास संपर्क संरक्षक असण्याचा संभव असतो. हे माप मिळविण्याचा सरळ मार्ग म्हणजे निरोगी माणसांचा मोठा समूह निवडून वर्षानुवर्षे त्याचा मागोवा घेणे. या प्रकारच्या अभ्यासाला अनुगामी अभ्यास म्हणतात. मुंबईत १९९१ पासून मतदारयाद्यांच्या आधारे ३५ वर्षे व त्यावरील वयाच्या रहिवाशांची नोंद करून असा अभ्यास हाती घेण्यात आला. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या निष्कर्षांत ९९,५७० व्यक्तींचा समावेश होता. तंबाखूचे कोणत्याही रूपात सेवन न करणाऱ्यांच्या तुलनेत, वय इ. घटकांचा परिणाम वजा केल्यावर, पुरुषांमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांच्या मृत्यूची सापेक्ष जोखीम १.३७, तर विडी ओढणाऱ्यांची १.६४ आढळली. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज त्यामुळे निराधार ठरला. स्त्रियांमध्ये धूम्रपान जवळजवळ नव्हतेच. मिश्री, तंबाखूचे पान इ. धूरविरहित प्रकारांशी निगडित सापेक्ष जोखीम १.२५ होती. दिवसाकाठी ओढलेल्या विड्यांच्या वा सिगारेटींच्या संख्येबरोबर पुरुषांमधील जोखीम चढत गेली. साहचर्य हे कार्यकारणसंबंधाचे निदर्शक मानण्यास अशा मात्रानुसारी चढाचा मोठा आधार मिळतो.

तिरकस गुणोत्तर : विरळ रोगासाठी लाखभर माणसांचा मागोवा घेत बसणे बहुधा परवडत नाही. अशा वेळी उलट दिशेने जातात. रोग झालेल्यांचा एक गट व तुलनेसाठी तो न झालेल्यांचा दुसरा गट घेऊन दोहोंच्या पूर्वायुष्यातील संपर्काची चौकशी करतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ल. दे. संघवी, के. सी. एम. राव व वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा मुख व घसा यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध याच पद्धतीने तपासला व १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी केलेला सुप्रसिद्ध अभ्यास त्याच्या पाचच वर्षे आधीचा (१९५०) आहे.

या पद्धतीत रोगी व निरोगी किती घ्यायचे हे संशोधकच ठरवीत असल्यामुळे जोखीम काढता येत नाही. मात्र संपर्कित रोगी (अ), संपर्कित निरोगी (ब), असंपर्कित रोगी (क) व असंपर्कित निरोगी (ड) अशा चार घरांच्या कोष्टकातून अ × ड या गुणाकाराला ब × क ने भागले असता जे गुणोत्तर येते, ते रोग विरळ असल्यास सापेक्ष जोखमीच्या अगदी जवळ असते. जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ मध्ये हे दाखवून दिले आणि अशा अभ्यासांना भक्कम पाया मिळाला. वैद्यकीय लेखनात या मापाला ऑड्स रेशो असे म्हणण्याचा प्रघात आहे. कोष्टकातील तिरक्या घरांच्या गुणाकारांवरून येथे त्यास तिरकस गुणोत्तर म्हटले आहे. रोग विरळ नसेल, तर मात्र ते फुगते. एका गटात शंभरापैकी ६० व दुसऱ्यात शंभरापैकी ४० जणांना खोकला आहे असे कल्पिले, तर सापेक्ष जोखीम १.५ येते, पण तिरकस गुणोत्तर २.२५ येते. ‘सव्वादोन पट अधिक लोकांना खोकला’ असे वाक्य त्यावरून कोणी लिहिल्यास ते चूक होय. वृत्तपत्रांत ही चूक वारंवार होते, आणि संशोधनपत्रिकाही तीपासून अगदीच मुक्त नाहीत.

जोखीमभेद : संपर्कित गटाच्या जोखमीतून असंपर्कित गटाची जोखीम वजा केली असता जोखीमभेद किंवा आरोप्य जोखीम मिळते. भागाकार व वजाबाकी किती वेगळे चित्र उभे करू शकतात, हे ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घकालीन अभ्यासावरून (डॉल व पेटो, १९७६) उत्तम रीतीने दिसते. दर लाख पुरुषांमागे वर्षाला फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू धूम्रपान न करणाऱ्यांत १० व करणाऱ्यांत १४० होते. हृदयाच्या रोहिणीविकाराने होणारे मृत्यू अनुक्रमे ४१३ व ६६९ होते. म्हणजे कर्करोगाची सापेक्ष जोखीम १४ आणि हृद्‌रोगाची अवघी १.६. पण वजाबाकी केली, तर धूम्रपानाच्या खात्यावर कर्करोगाचे १३० व हृद्‌रोगाचे २५६ मृत्यू पडतात. तंबाखूमुळे कर्करोग होतो याविषयीची खात्री पहिल्या हिशेबाने पटते. तंबाखू सुटल्यास अधिक माणसे कोणत्या रोगापासून वाचतील हे दुसऱ्या हिशेबाने कळते.

हितकर संपर्काच्या बाबतीत याच वजाबाकीचा व्यस्तांक उपयोगी पडतो. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या सु. १ लाख ३१ हजार स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची चाचणी करण्यात आली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या या संयुक्त कामाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला विषाणुतपासणी एकदाच देऊ करण्यात आली त्यातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४, तर नेहमीच्या सोयींवर राहिलेल्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने सु. आठ वर्षांत दगावल्या. जोखमींचे गुणोत्तर सु. ०.४९ येते, म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण जोखीमभेद हजारी सु. १ आहे. एक मृत्यू टाळण्यासाठी सु. ९६५ स्त्रियांना तपासणी देऊ करावी लागली असा त्याचा अर्थ होतो. चाचणी वाखाणण्यासाठी ‘निम्म्यावर’ हा शब्द पुरेसा आहे. आरोग्यकेंद्राला किती परिचारिका व किती संच लागतील हे ठरविणाऱ्यास मात्र ९६५ हाच आकडा हवा असतो.

आरोप्य अंश : संपर्कित रुग्णांच्या जोखमीपैकी किती भाग संपर्कामुळे आला हे (सापेक्ष जोखीम – १) ÷ सापेक्ष जोखीम या सूत्राने मिळते. मुंबईतील विडी ओढणाऱ्यांसाठी हा अंश ३९% येतो. सापेक्ष जोखीम २ झाली की अंश ५०% होतो, आणि या ठिकाणी संख्याशास्त्र न्यायालयाच्या दारात येऊन उभे राहते. रोग संपर्कामुळेच झाला असण्याचा संभव निम्म्याहून अधिक आहे काय, असा प्रश्न भरपाईच्या दाव्यांत विचारला जातो व अमेरिकेतील काही न्यायालयांनी त्यासाठी २ ही सीमारेषा वापरली आहे. ही रेषा सोयीची असली, तरी शास्त्रीय दृष्ट्या डळमळीत आहे. जो रोग एरवी दहा वर्षांनी झाला असता तो संपर्कामुळे आज झाला, तर त्या कामगाराची हानी खरीच आहे; पण अशी घाईने आलेली दुखणी या अंशात पुरेपूर मोजली जात नाहीत. शिवाय सरासरीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निवाडा देणे हे या मापांचे काम नाही.

समाजातील एकूण रोगभारापैकी किती भाग संपर्कामुळे पडला हे जाणण्यासाठी सापेक्ष जोखमीबरोबर संपर्काचा फैलावही लक्षात घ्यावा लागतो. मॉर्टन लेव्हिन यांनी १९५३ मध्ये त्यासाठी सूत्र दिले : संपर्कितांचे लोकसंख्येतील प्रमाण ‘प’ व सापेक्ष जोखीम ‘स’ असल्यास समाजगत आरोप्य अंश प(स – १) ÷ [१ + प(स – १)] इतका असतो. केवळ गणित पाहावयाचे झाल्यास, शंभरांत एकाच व्यक्तीला होणाऱ्या व जोखीम १० पट करणाऱ्या संपर्काचा अंश सु. ८% येतो, तर निम्म्या लोकसंख्येला होणाऱ्या व जोखीम अवघी सव्वापट करणाऱ्या संपर्काचा सु. ११% येतो. मिश्रीसारखी घरोघरची सवय, जिची सापेक्ष जोखीम कोणाच्या नजरेत भरत नाही, ती अशा रीतीने मोठा रोगभार वाहून आणते. उलट, कारखान्यातील एखाद्या विभागात मोजक्याच कामगारांना भोगावा लागणारा तीव्र संपर्क जिल्ह्याच्या आकड्यांत दिसतही नाही. त्यावरून तो क्षम्य ठरत नाही. ज्यांना तो होतो त्यांच्यासाठी आरोप्य जोखीमच बोलकी असते. लेव्हिन यांच्या सूत्रात इतर घटक वजा करून काढलेली सापेक्ष जोखीम तशीच घातल्यास उत्तर थोडे चुकते, व त्यासाठी पुढे सुधारित सूत्रे आली.

निरनिराळ्या कारणांचे अंश एकत्र मिळविल्यास बेरीज शंभर टक्के व्हावी, अशी स्वाभाविक पण चुकीची अपेक्षा असते. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात अर्भकांचे घरोघर निरीक्षण केले. त्यांपैकी ४० दगावली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात समाजगत आरोप्य अंश असे आले : अकाली जन्म ०.७४, गर्भावस्थेत खुंटलेली वाढ ०.५५, जंतुविषाक्तता ०.५५, जन्मतः श्वासावरोध ०.३५, शरीराचे तापमान उतरणे ०.०८ व अंगावर पाजण्यातील अडचणी ०.०४. यांची बेरीज २.३१ होते. गणितात काही चूक नाही. बहुतेक मृत अर्भकांत दोन वा अधिक विकार एकत्र होते आणि त्यांपैकी कोणताही एक टळता, तरी पुष्कळशी मुले वाचू शकली असती. म्हणून एकच मृत्यू अनेक खात्यांवर मांडला जातो. यातून व्यवहारात मोठा लाभ झाला. अकाली जन्म टाळणे गावपातळीवर कठीण होते. जंतुविषाक्ततेवर घरीच उपचार करणे मात्र शक्य होते, आणि साखळीतील तेवढा दुवा तोडणेही उपयोगी होते. जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यूंचे कारण भूक की आजार, असा जो वाद अधूनमधून उद्‌भवतो, त्यातील ‘की’ हा शब्द या हिशेबापुढे टिकत नाही.

संभ्रमक घटक व इतर अडचणी : आढळलेले साहचर्य तिसऱ्याच घटकामुळे निर्माण झालेले असू शकते. पालघर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने होणारी सु. २९.९ लाख लोकसंख्या अतिशय विषम आहे. त्यांपैकी १३.४ लाख लोक एकट्या वसई तालुक्यात, बहुतांशी नागरी वस्तीत होते, तर एकूण लोकसंख्येपैकी एक-तृतीयांशाहून अधिक आदिवासी होते. किनाऱ्यावरील कोळी व मांगेला वस्त्या, बोईसरच्या चाळींत राहणारे परप्रांतीय तरुण कामगार आणि डोंगरातील वारली व कोकणा पाडे यांचे वय, आहार, चुलीचा धूर, तंबाखू व उपचारांची सोय या सर्वच बाबी भिन्न आहेत. कामगारवस्तीतील कर्करोगाचे प्रमाण किनाऱ्यावरील गावापेक्षा कमी आढळले, तर वस्तीतील लोक तरुण आहेत एवढेच त्यावरून सिद्ध होईल. यास्तव वयोगटानुसार तुलना करणे हे अशा अभ्यासाचे पहिले पथ्य होय.

कामगारांची तुलना सर्वसामान्य जनतेशी केल्यास आणखी एक फसगत होते. नोकरीत घेताना प्रकृती तपासली जाते व आजारी पडलेला माणूस काम सोडतो; त्यामुळे कामावर असलेल्यांचा मृत्युदर मुळातच कमी असतो. यास निरोगी कामगार परिणाम म्हणतात. अणुवीज केंद्रांतील कर्मचारी व त्यांची कुटुंबे यांच्या सर्वेक्षणांतून निघणारे दिलासादायक आकडेही या दृष्टीने पारखून घ्यावे लागतात. अधिक मात्रा व कमी मात्रा मिळालेल्या कर्मचाऱ्यांची आपापसांत तुलना करणे जनतेशी केलेल्या तुलनेपेक्षा उद्‌बोधक ठरते. याउलट कंत्राटी मजूर आजारपणात उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातील आपल्या गावी परततो आणि त्याचा मृत्यू तिकडेच नोंदला जातो. बोईसरच्या हिशेबात तो कधीच येत नाही.

लहान आकड्यांच्या बाबतीत यदृच्छेचाही विचार करावा लागतो. वर्षाला लाखामागे सु. १०० नवे कर्करोगी असा दर धरल्यास तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला ३ रुग्ण अपेक्षित असतात. एखाद्या वर्षी ते ६ वा अधिक निघण्याचा संभव, कोणतेही विशेष कारण नसताना, सु. ८% असतो, म्हणजे अशा बारा गावांपैकी एकात तरी दरसाल ‘दुप्पट’ रुग्ण दिसणे अपेक्षितच आहे. त्या गावाला हा योगायोग वाटणार नाही, हेही तितकेच स्वाभाविक आहे. उलट बाजूने, तेवढ्याशा वस्तीत जोखीम खरोखर दीडपट झाली असली, तरी एका वर्षाच्या आकड्यांतून ती सिद्ध करता येणार नाही. आणि ‘साहचर्य सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘साहचर्य नाही’ असा करणे हा सोयीस्कर प्रमाद होय. म्हणून सापेक्ष जोखीम एकट्या आकड्याने न देता तिच्या विश्वाससीमांसह देतात. मुंबईच्या अभ्यासात विडीसाठी १.६४ या मापाच्या ९५% विश्वाससीमा १.४७ ते १.८१ होत्या, सीमा इतक्या जवळ येण्यासाठी सु. एक लाख माणसे लागली. अनेक गावे व अनेक वर्षे एकत्र घेतल्याशिवाय तारापूरसारख्या ठिकाणी त्या आवळता येत नाहीत. त्यातही बहुतेक घट्ट अर्बुदे संपर्कानंतर दहा ते तीस वर्षांनी प्रकट होत असल्याने आजच्या रुग्णाचा संबंध आजच्या हवेशी नव्हे, तर वसाहतीच्या मागील दशकांतील हवापाण्याशी जोडावा लागतो. त्या दशकांत कोण कोठे राहत होता व कोणत्या खात्यात काम करीत होता, याच्या नोंदी कारखान्यांच्या हजेरीपटांत व ग्रामपंचायतींच्या दप्तरांत विखुरलेल्या असतात.

साहचर्यावरून कार्यकारणसंबंध ओळखण्यासाठी ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये नऊ कसोट्या सुचविल्या. त्यांत साहचर्याची बळकटी, निरनिराळ्या ठिकाणी सारखेच निष्कर्ष मिळणे, मात्रानुसारी चढ व जीवशास्त्रीय संभाव्यता यांचा समावेश होतो. कारणाने परिणामाआधी घडणे ही त्यांतील एकच अपरिहार्य अट आहे; बाकीच्या केवळ साहाय्यक आहेत, व हिल यांनी स्वतःही त्यांना नियम मानले नव्हते. पुराव्यात त्रुटी असल्या तरी कृती लांबणीवर टाकण्याचा परवाना त्यातून मिळत नाही, हेही त्यांनी त्याच व्याख्यानात स्पष्ट केले होते.